समाधानकारक खुलासा

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला पैशातलं काही कळतं, असा एक गोड गैरसमज आपल्या समाजात आहे. मी बी. कॉम. आहे, सेकंड क्लास, आणि तोसुद्धा कॉस्टिंगच्या पेपरात परीक्षकाला दया आली म्हणून. गेली वीस-बावीस वर्षं मी दुसऱ्यांचे पैसे मोजतो. पेढ्याच्या पौष्टिकतेविषयी हलवायाला जेवढं सांगता येईल तेवढंच मला देशाच्या अर्थव्यवस्थेविषयी सांगता येतं. तरीपण लग्नामुंजीच्या पंगतीत कुणीतरी गाठतंच. "काय हो, डॉलरचं काय होणार?" जणू डॉलरने मला विचारूनच वर-खाली व्हायचं ठरवलंय.

माझ्या ज्ञानाविषयी असा गैरसमज नसलेला एकच माणूस मला माहीत आहे. ते म्हणजे माझे सासरे, आप्पा.

आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. आमचं गाव तालुक्याचं. माझी सासुरवाडी आमच्या मागच्याच आळीत आहे, त्यामुळे जावयाला जो मान अंतरामुळे मिळतो तो मला कधीच मिळाला नाही. आप्पांचा पक्षही पूर्वापार एकच. १९८४ साली त्या पक्षाचे लोकसभेत दोन खासदार होते, तेव्हाही आप्पा त्याच पक्षाचे होते. आमची सौ. सांगते की त्या काळात आप्पांशी वाद घालायला गावातले समाजवादी मुद्दाम यायचे, कारण आप्पा पुस्तकं वाचून, कात्रणं काढून बोलायचे. दोन खासदारवाल्या माणसाला मुद्दे मांडावेच लागतात. २०१४ साली दोनाचे दोनशे ब्याऐंशी झाले आणि आप्पांची कात्रणं माळ्यावर गेली. मुद्दे मांडायचं काम आता टीव्ही करतो. आप्पांनी फक्त आवाज वाढवायचा.

आमच्या लहानपणी दूरदर्शनवर संध्याकाळी मराठी बातम्या लागत. प्रदीप भिडे कृष्णेचा पूर आणि क्रिकेटचा विजय एकाच आवाजात सांगत. आनंद करायचा की दुःख, हे ठरवायची जबाबदारी आपल्यावर असे. आता पडद्यावर आठ खिडक्या असतात. प्रत्येक खिडकीत एकेक माणूस, आणि मधोमध कोट घातलेला एक गृहस्थ, ज्याला अँकर म्हणतात. अँकर म्हणजे जहाजाचा नांगर, हे मी शाळेत शिकलो होतो. जहाज एका जागी स्थिर राहावं म्हणून तो टाकतात म्हणे. इथे नांगरच सगळ्यात जास्त हलतो. चाळीत पाणी गेल्यावर गॅलरीतल्या आठही दारांतून जसा एकदम आवाज निघतो, तसा रोज रात्री नऊ ते दहा आप्पांच्या घरातून निघायचा. फरक एवढाच, की चाळीत भांडणाचा विषय खरा असायचा.

तर ८ नोव्हेंबर २०१६. मंगळवार, रात्रीचे आठ. पंतप्रधान टीव्हीवर आले आणि मध्यरात्रीपासून पाचशेच्या आणि हजारच्या नोटा चालणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. काळा पैसा, खोट्या नोटा, भ्रष्टाचार आणि दहशतवाद हे सगळे मुक्कामपोस्ट तिथेच होते. देशातल्या एकूण चलनापैकी किमतीने सुमारे शहाऐंशी टक्के नोटा चार तासांत रद्दी होणार होत्या. मी त्या वेळी पिठलं-भाकरी खात होतो. आमच्या हेडकॅशिअरचा फोन आला. तो नुसतंच "अरे..." म्हणाला आणि थांबला. तीस वर्षं नोटा मोजलेला माणूस. त्याच्यापाशी शब्द नव्हते.

दुसऱ्या दिवशी बँका लोकांसाठी बंद होत्या, आम्ही आत होतो. संध्याकाळी आप्पांकडे डोकावलो तर खोलीत निळसर उजेड आणि कमालीची शांतता. आप्पा शेंगदाणे खायचे थांबले होते. हिंदीतल्या एका मोठ्या वाहिनीवर दोन हजाराच्या नव्या नोटेचं चित्र होतं, त्यातून किरण निघत होते, ते आकाशातल्या उपग्रहाला लागत होते आणि तिथून परत पृथ्वीवर येत होते. नव्या नोटेत म्हणे नॅनो चिप बसवलेली होती. नोट कुठे आहे ते उपग्रहाला कळणार. जमिनीखाली १२० मीटरवर पुरली तरी.

"जावईबापू," आप्पा म्हणाले, "बघितलीत नोट?"

"अजून शाखेत आली नाही, आप्पा."

"मग बोलू नका. आम्ही आतून बघितली."

"आप्पा, तुमच्या न्हाणीघरात मोबाइलला रेंज मिळत नाही. १२० मीटर खाली कशी मिळेल?"

"ती खाजगी कंपनी. हे सरकार आहे."

मी सांगितलं की रिझर्व्ह बँकेने नव्या नोटेची वैशिष्ट्यं जाहीर केली आहेत, त्यांत चिपचा उल्लेखही नाही. आप्पा माझ्याकडे पाहून ज्या करुणेने हसले ती करुणा फक्त सासऱ्यांनाच शक्य आहे. "रिझर्व्ह बँक सांगेल होय? गुप्त आहे ते."

"गुप्त आहे तर टीव्हीवर कशाला सांगतात?"

"लोकांना धाक बसावा म्हणून."

ह्या तर्काला कुठूनच शिरकाव नव्हता. पुढे नोट हातात आली तेव्हा आप्पांनी ती उलटी करून मागच्या बाजूचं मंगळयानाचं चित्र माझ्या नाकासमोर धरलं. "मागे यान काय उगाच छापलंय?"

दहा तारखेपासून आमच्या काउंटरवर काय झालं, हे ज्यांनी रांगेच्या त्या बाजूला उभं राहून पाहिलं त्यांना मी काय सांगावं! पण रांगेची एक ह्या बाजूही होती. आम्हाला रोज नियम येत. नुसते रोज नाही, कधी कधी जेवणाच्या सुट्टीच्या आधी एक आणि नंतर एक. नोटा बदलून द्यायची मर्यादा आधी चार हजार, मग साडेचार हजार, मग दोन हजार, मग चोवीस नोव्हेंबरनंतर शून्य. एटीएमची नवीच गंमत. नव्या नोटेचा आकार वेगळा, त्यामुळे देशभरातल्या यंत्रांच्या पोटातले कप्पे बदलल्याशिवाय ती नोट त्यांना खाता येईना. उपग्रहाला दिसणारी नोट आमच्या कोपऱ्यावरच्या एटीएमला मात्र ओळखता येत नव्हती.

नव्या नोटेचा रंग जातो, अशी तक्रार आली. तेव्हा अर्थखात्याच्या सचिवांनी पत्रकारांना सांगितलं, की खऱ्या नोटेचा रंग जातोच. ज्या नोटेचा जाणार नाही ती खोटी समजा. मी हे आमच्या कापडवाल्या शेटजींना सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, एवढी वर्षं आम्ही हे गिऱ्हाइकाला पटवतोय, आम्हाला कुणी सचिव केलं नाही."

एक धान्याचे व्यापारी आले. इकडेतिकडे पाहून काचेच्या भोकाशी तोंड आणून हळूच म्हणाले, "त्यातल्या बिनचिपच्या असल्या तर बघा की."

हसू येतं. पण तेव्हा फारसं येत नव्हतं. १४ तारखेपासून जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायलाही मनाई झाली. आमच्याकडे शेतकऱ्याचं खातं असतं ते त्याच बँकेत, वाटेवरच्या गावातल्या सोसायटीशेजारच्या खोलीत. ती सगळी माणसं एस.टी. धरून आमच्या दारात आली. पहाटे पाचला चपला रांगेत लावून ठेवायची. एक दिवस रांगेतले एक म्हातारे गृहस्थ चक्कर येऊन पडले. आम्ही पाणी मारलं, कांदा हुंगवला. डोळे उघडल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "माझा नंबर गेला का?" त्या रात्री टीव्हीवरच्या आठ खिडक्यांतले एकजण सांगत होते, की सीमेवर जवान बर्फात उभे राहतात, तुम्हाला चार तास रांगेत उभं राहता येत नाही? आप्पा म्हणाले, "बरोबर आहे." आप्पा स्वतः कोचावर होते. सांगणारे गृहस्थही खुर्चीवरच होते.

लग्नाचंही तसंच. तुळशीचं लग्न झालेलं, मुहूर्त सुरू. लग्नघराला अडीच लाख काढता येतील असं जाहीर झालं, वधूपिते पत्रिका घेऊन धावत आले, आणि मागोमाग अटी आल्या. ज्यांना रोख द्यायची त्यांची यादी आणा आणि आमचं बँकेत खातं नाही असं त्यांच्याकडून लिहून आणा. आता त्याआधी दोन वर्षं ह्याच सरकारने जनधन योजनेत गावातल्या झाडून सगळ्यांची खाती उघडून घेतली होती, आणि ती उघडायला आम्हीच गावोगाव टेबलं टाकून बसलो होतो. वाजंत्रीवाला काउंटरशी येऊन म्हणाला, "साहेब, माझं खातं तुम्हीच उघडलंत. आता नाही म्हणून लिहून द्यायचं तर कुणाला सांगू?" शेवटी दोन दिवसांनी अट थोडी सैल झाली. त्याच सुमारास पंतप्रधान गोव्यात पन्नास दिवस मागत होते. आप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ३० डिसेंबरभोवती लाल पेनने गोल केला. त्याच कॅलेंडरवर सासूबाईंचा दूधवाल्याचा हिशेब असायचा.

सासूबाईंविषयी मी आतापर्यंत काहीच बोललो नाही, ह्याचं कारण त्या घरात त्या स्वतःच काही बोलत नाहीत. त्या टीव्हीच्या खोलीत असतात, पण टीव्ही बघत नाहीत. काहीतरी निवडत किंवा सोलत असतात. त्या रात्री मटार सोलत होत्या. अँकर गरजत होता, की ज्यांनी नोटा दडवून ठेवल्या, ते देशाचे गुन्हेगार आहेत. त्यांना आता झोप लागत नसेल!

"नसेलच लागत," आप्पा म्हणाले. "असल्या लोकांना भर चौकात उघडं पाडलं पाहिजे."

सासूबाईंच्या हातून मटाराचा एक दाणा कोचाखाली गेला. त्या वाकून तो बराच वेळ शोधत राहिल्या.

मला कळलं ते असं. नोव्हेंबराच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या शाखेत बोटाला लावायची शाई आली. एकाच माणसाने पुन्हा पुन्हा रांगेत येऊ नये म्हणून उजव्या हाताच्या तर्जनीला लावायची. मी काउंटरवर मान खाली घालून शाई लावत होतो. एक हात पुढे आला. हिरव्या बांगड्या, मनगटावर तव्याचा जुना चटका. ह्या हाताने मी पंचवीस एक दिवाळसणांची ओवाळणी घेतली आहे. मी वर पाहिलं.

"आई, तुम्ही रांगेत? मला सांगायचं, मी घरी..."

"घरी नको," त्या म्हणाल्या. एवढंच.

चार पाचशेच्या नोटा दिल्या, मी दोन हजाराची एक गुलाबी नोट दिली. अडीच तास उभं राहून एक नोट. ती पदराच्या गाठीत बांधता बांधता त्या काचेशी वाकल्या. "ह्यात ते यंत्र आहे म्हणतात. म्हणजे डब्यात ठेवली तरी कळणार?"

"कुणाला कळणार, आई?"

"तुमच्या आप्पांना."

संध्याकाळी आप्पांनी बोट पाहिलंच. नगरपालिकेचं मतदान होतं २७ तारखेला. "मतदानाआधीच शाई कशी?" सासूबाई म्हणाल्या, नातवाच्या पेनची. आप्पांना पटलं. टीव्हीवर बोटाच्या शाईची बातमी तीन दिवस चालू होती, पण ती बातमी आपल्या स्वयंपाकघरातली असू शकते हे आप्पांच्या मनातही आलं नाही.

नोटा होत्या मेतकुटाच्या डब्यात. एकूण सदतीस, पाचशेच्या. अठरा हजार पाचशे रुपये. भाजीतून, भिशीतून, माहेरच्या ओवाळणीतून आणि एकदा म्हणे रद्दीवाल्याकडून, किती वर्षांत जमवलेले ते त्यांनाही सांगता आलं नाही. कशासाठी, तेही मी विचारलं. अशा वेळी जावयाने विचारू नये, पण विचारलं. त्या म्हणाल्या, "कशासाठी म्हणून नाही. असले म्हणजे बरं वाटतं." आप्पा कंजूष नाहीत हो. मागितलं तर देतात. पण मागितलं तर.

दोघांचं खातं जोडीचं. त्याचं पासबुक आप्पा दर महिन्याला भरून आणतात आणि देवापुढे ठेवतात. म्हणून डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात मी सासूबाईंचं एकटीचं खातं उघडलं. उरलेल्या तेहतीस नोटा, साडेसोळा हजार, तेवढ्या आणून भरायच्या बाकी होत्या. माझ्यापाशी द्या म्हटलं तर नाही म्हणाल्या. "ज्याचे त्याने भरावे." आणि आप्पा तर निवृत्त माणूस. घराबाहेर पडेनात. दिवसभर टीव्हीवर देश बदलत होता.

अखेर २० डिसेंबरला आप्पा एका मित्राच्या सहस्रचंद्रदर्शनाला साताऱ्याला गेले. अकरा वाजता सासूबाई पिशवी घेऊन शाखेत हजर. आणि नेमका आदल्या दिवशी नवा नियम आला होता, की जुन्या नोटा पाच हजारांपेक्षा जास्त भरायच्या असतील तर एकदाच भरता येतील, आणि इतके दिवस का भरल्या नाहीत, हे बँकेच्या दोन अधिकाऱ्यांसमक्ष विचारून लिहून घ्यायचं. खुलासा समाधानकारक असला तरच रक्कम जमा करायची.

वाचकहो, मी चोर पकडायला बँकेत लागलो नव्हतो. शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये ते स्वतः, उपव्यवस्थापक, आणि लिहून घ्यायला मी. समोर खुर्चीच्या कडेवर सासूबाई, मांडीवर पिशवी, पिशवीत डबा. त्यांनी डबाच आणला होता. केबिनभर मेतकुटाचा वास. शाखाधिकारी तरुण, नागपूरकडचे, भले गृहस्थ. त्यांनी घाम पुसला, नियमाचा कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "काकू, माफ करा हं, विचारावं लागतं. आजपर्यंत का नाही भरले?"

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहून सरळ म्हणाल्या, "नवरा घरी होता."

कुणीच काही बोललं नाही. उपव्यवस्थापक बाई होत्या. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. जरा वेळाने त्याच म्हणाल्या, "लिहा. समाधानकारक." मी लिहिलं. मराठीत लिहिलं, कारण इंग्रजीत तो खुलासा कसा लिहायचा ते आम्हाला तिघांनाही सुचेना. दुसऱ्याच दिवशी, २१ तारखेला, रिझर्व्ह बँकेने तो नियम मागे घेतला. ज्यांची कागदपत्रं पूर्ण आहेत त्यांना आता काही विचारायचं नाही म्हणाली. तो कागद आमच्या फायलीत राहिला. देशाच्या काळ्या पैशाविरुद्धच्या लढाईत आमच्या शाखेने घेतलेला तो एकमेव जबाब.

पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेचा अहवाल आला. बंद केलेल्या १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटींच्या नोटा बँकांत परत आल्या होत्या. नव्याण्णव पूर्णांक तीन टक्के. ज्यांना झोप लागणार नव्हती त्यांनीही नोटा भरून शांत झोप काढली असावी. मी तो आकडा आप्पांना दाखवायला गेलो. आठही खिडक्यांत त्या दिवशी भलताच विषय होता. आप्पा म्हणाले, "अहो, पैसा बँकेत आला, हेच तर हवं होतं." मी म्हटलं, "तेव्हा तर येणार नाही म्हणून आनंद होता." आप्पांनी आवाज वाढवला. टीव्हीचा.

आणि मग १९ मे २०२३. शुक्रवारी संध्याकाळी एक पत्रक निघालं, की दोन हजाराची नोट चलनातून काढून घेत आहोत, २३ तारखेपासून बदलून घ्या. ह्या वेळी भाषण नाही, आठचा मुहूर्त नाही. साडेसहा वर्षांत नोट आली, वठली आणि निघाली. आप्पांच्या वाहिनीवर त्या रात्री जाणकार सांगत होते, की ही नोट काढणं हा किती दूरदृष्टीचा निर्णय आहे. त्यातल्या एकाला मी ओळखलं. ही नोट आणणं दूरदृष्टीचं आहे, हेही त्यानेच सांगितलं होतं. खिडकी तीच, उजवीकडून दुसरी. चिपचं नाव कुणी काढलं नाही. कोट्यवधी चिपा परत येणार होत्या. निदान मोजायच्या तरी होत्या!

पुढच्या आठवड्यात दुपारी, गर्दी नसताना, आप्पा काउंटरवर आले. इकडेतिकडे पाहिलं. सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक चपटं पुडकं काढून काचेखालून सरकवलं. चपात्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचं. मी उलगडलं. एक पदर, दुसरा, तिसरा. आत दोन हजाराच्या सात नोटा, कोऱ्या.

"आप्पा, हे कधीचे?"

"असतील सोळा-सतरा सालचे. पेन्शनीतले."

"आणि हा कागद कशाला?"

आप्पा जरा घुटमळले. "चंदेरी कागदातून लहरी जात नाहीत म्हणतात. नाही, तसा उपग्रहाचा मला काही प्रश्न नव्हता. आपला पैसा पांढरा. पण घरात कुठं यंत्राचा आवाज-बिवाज आला असता तर हिला कळलं असतं."

मी नोटा मोजल्या. यंत्रातून एकदा, हाताने एकदा.

"फॉर्म?" आप्पांनी विचारलं.

"नाही, ह्या खेपेला फॉर्म नाही."

"इतके दिवस का ठेवले, ते?"

"तेही विचारत नाही."

आप्पांचा चेहरा जरा उतरला. उत्तर तयार करून आले असावेत. मी पाचशेच्या अठ्ठावीस नोटा पुढे केल्या. त्यांनी त्या मोजल्या, आतल्या खिशात घातल्या, आणि जाता जाता परत वळून काचेखालून हात घातला.

"तो कागद टाकू नका. द्या इकडे. चांगला आहे अजून."